नागपुरात व्हेलोड्रोम (सायकल शर्यतीचा ट्रॅक) नाही, टीम परस्यूटची तयारी कशी करायची?

फिक्सीवाला

मंडळी, चौघांची टीम आहे, वय १९ ते २६. राज्य पातळीच्या ट्रॅक स्पर्धेत ४००० मीटर टीम परस्यूटमध्ये (चौघं एकामागे एक रांगेत, आळीपाळीने पुढे, घड्याळाविरुद्ध) उतरायचं ठरलंय. स्पर्धेआधी चार दिवस पुण्याला बालेवाडीच्या ट्रॅकवर मिळतील, बाकी सगळी तयारी नागपुरातच. सध्या मिहानमधल्या रस्त्यांवर पहाटे रोड सायकलींवर ४ किमी मारून राहिलो. उद्दिष्ट ४ मिनिटं ५० सेकंद.

अडचण अशी की अडीच किलोमीटरपर्यंत ताशी ५० किमीचा वेग छान टिकतो आणि मग एखाद्या बदलानंतर, म्हणजे पुढचा शेपटाला जाऊन दुसरा पुढे आला की, मागचा सुटतो. नुकताच पुढून मागे गेलेलाच दरवेळी सुटतो, मग तो कोणी का असेना. स्टॅमिना कमी पडतोय का? दुसरं, ट्रॅक सायकलला गिअर कोणता लावायचा? तिसरं, चौघांनी सारखंच पुढे राहायचं की कमीजास्त?

काळी_रेघ

स्टॅमिनाचा प्रश्न असता तर चौघांतला सगळ्यात कच्चा सुटला असता. तुमच्याकडे कोणीही सुटतो म्हणता, म्हणजे खोट बदलात आहे. मागच्याकडे पाहू नका, नवा पुढे आलेला काय करतो ते पाहा.

तो आतापर्यंत आडोशाला होता. समोरचं चाक बाजूला झालं, मोकळा रस्ता दिसला की नकळत पाय दाबतो आणि ५० चे ५२ होतात. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे या दोनाची किंमत सगळ्यांना १२ टक्के जास्त पडते. आणि ती वसूल होते त्याच घडीला, जेव्हा आधीचा भाऊ स्वतःला पिळून शेपटाला लागायला बघतोय. त्याचे पाय सगळ्यात वाईट अवस्थेत, वेग सगळ्यात कमी, आणि गाडी पुढे पळतेय. तो सुटणार नाही तर काय होईल?

आडोशाचा हिशेब ढोबळमानाने असा: पुढच्याला १०० लागत असतील तर दुसऱ्याला सत्तरेक आणि तिसऱ्या-चौथ्याला ६४ च्या आसपास. म्हणजे पुढे ४०० वॅट असतील तर शेवटच्याला २५५-२६०. दोन सायकलींएवढी फट पडली की ही सवलत आटत जाते, आणि फट भरून काढायला पुढच्यापेक्षाही जास्त ताकद लागते.

तेव्हा पहिला नियम: पुढे आल्यावर पहिली दहा सेकंदं काहीही वाढवायचं नाही. दुसऱ्या जागेवर जी केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) होती तीच ठेवायची. ती टिकवायलाच वॅट सत्तरचे शंभर होणार आहेत. पुढे येऊन ‘जरा हळू वाटतंय’ असं वाटलं तर बरोबर चाललंय असं समजा. मागे लागलेल्याने चाक मिळालं की मोठ्याने ‘हां!’ म्हणायचं. ‘हां’ ऐकू येईपर्यंत पुढच्याने वेग पाव किलोमीटरनेही वाढवायचा नाही.

हे सगळं का, तर घड्याळ तिसऱ्याच्या पुढच्या चाकावर थांबतं. पहिला किती लवकर पोचला याची नोंदही कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तुमचा सराव रस्त्यावर आहे. रस्त्यावरचा बदल आणि ट्रॅकवरचा बदल या दोन वेगळ्या हालचाली आहेत. ट्रॅकवर पुढचा वळणाच्या तोंडाशी उजवीकडे वर चढतो. २५० मीटरच्या ट्रॅकवर वळणं ४२-४५ अंशांची असतात. ४२ अंशांच्या उतारावर तो दोन मीटर वर गेला तर उंचीने सुमारे १.३ मीटर चढतो, आणि ५० च्या वेगाला एवढ्या चढात साधारण साडेतीन किमी वेग आपोआप जातो. शिवाय वरच्या वाटेचं अंतरही जास्त. तोवर बाकीचे तिघं खालून पुढे सरकतात. चौथ्याचं मागचं चाक शेजारून जायला लागलं की तो खाली वळतो आणि तोच साडेतीनचा वेग उताराने त्याला परत देतो. वळणाच्या चढावर ठेवलेली अनामत म्हणा हवं तर. पाय मात्र सबंध वेळ त्याच लयीत फिरत राहतात.

रस्त्यावर ही अनामत नाही. चार सायकली मिळून साडेसात मीटरभर मागे पडायचं म्हणजे पाच सेकंद सरासरी साडेपाच किमी हळू जावं लागतं, आणि गेलेला वेग पायांनीच परत आणावा लागतो. त्यात रोड सायकलला फ्रीव्हील, म्हणून सगळे पेडल थांबवून मागे येतात. हीच सवय घेऊन फिक्स्डवर (ट्रॅक सायकल, चाक फिरतंय तोवर पेडल फिरतंच) बसलात तर पहिल्याच बदलाला पेडल पाय उचलून फेकेल. म्हणून आजपासून बदलताना पेडल थांबवायचं नाही, ब्रेकला बोट लावायचं नाही. हलका दाब ठेवून फिरवत राहायचं, छाती किंचित वर उचलून वाऱ्याने वेग पडू द्यायचा आणि चौथ्याचं पुढचं चाक शेजारी आलं की लगेच दाब परत. सगळे उशीर करतात तो इथेच: शेपूट निघून गेल्यावर जोर लावतात. रस्त्यावर खडूने दोन खुणा करा, १०० मीटर अंतराने. पहिलीला सुटायचं, दुसरीच्या आत चाक धरलेलं असलं पाहिजे. ५० ला ते सात सेकंद होतात, रस्त्यावर तेवढे पुरतात. ट्रॅकवर हेच काम जेमतेम एका वळणात उरकायचं असतं.

रिंग_रोड

जागेबद्दल थोडं. वर कोणी लिहिलं नाही म्हणून: ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून बदल नेहमी उजवीकडे. आपल्या रस्त्यावर उजवीकडे म्हणजे वाहनांच्या अंगावर! सवय तर उजवीचीच हवी. म्हणून दुभाजक असलेला रस्ताच घ्या, डाव्या कडेपासून फूटभर आत चाला, पुढच्याने उजवीकडे मीटरभरच सरकायचं आणि मागे दिवे चालू ठेवून एक मोटरसायकल असायलाच हवी. मिहान त्यासाठी ठीक आहे, पण पावणेसहाच्या आत उरकायचं. फुटाळा, अंबाझरीला पहाटे फिरणारे इतके की ५० चा वेग म्हणजे गुन्हाच. समृद्धीचं नावही काढू नका राजेहो, तिथे दुचाकीलाच बंदी आहे. मानकापूरचा सिंथेटिक ट्रॅक धावणाऱ्यांचा आहे, त्यावर सायकल चालवायला मागूही नका.

स्टँडिंग स्टार्टसाठी सेमिनरी हिल्सचा चढ वापरा. जड गिअर, थांबलेल्या सायकलवरून १५ सेकंद पूर्ण जोर, मग चार मिनिटं आराम, असे सहा. आठवड्यातून एकदाच.

आणि बिनब्रेकची फिक्स्ड रस्त्यावर न्यायची नाही. ट्रॅक फ्रेमच्या काट्याला भोक असेल तर पुढचा ब्रेक बसवा, नसेल तर ती सायकल घरी रोलरवर.

गिअरटेबल

गिअरचं सांगतो. ७०० × २३ टायरचा परीघ २.०९६ मीटर धरलाय.

४:५० म्हणजे २९० सेकंद. पहिली फेरी थांबलेल्या अवस्थेतून असते, तिचा वेळ वेगळा मांडा. ३३३.३३ मीटरचा ट्रॅक असेल तर १२ फेऱ्या: पहिली २९ सेकंदांत, उरलेल्या ११ प्रत्येकी २३.७ मध्ये. म्हणजे चालू वेग ५०.६. बहुतेक नवे लोक सरासरी ४९.७ काढून त्याच वेगाने सराव करतात आणि मग पाच सेकंद कुठे गेले ते शोधत बसतात. ते पहिल्या फेरीत गेलेले असतात.

५०.६ ला केडन्स अशी येते: ५०×१५ ला (पुढे ५० दाते, मागे १५) १२१, ५२×१५ ला ११६, ५४×१५ ला ११२. नव्या टीमला मी ५२×१५ सांगेन. पायात भरपूर ताकद असून १२० फिरवता येत नसेल तर ५४. जागतिक पातळीवरचे आकडे पाहून ६० दात्यांचं चाक मागवू नका. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने ३ मिनिटं ४०.७३० मारली, म्हणजे थांबलेल्या सुरुवातीसकट सरासरी ६५ च्या वर. तो गिअर त्या वेगाला शोभतो. तुमच्या टीमने तो लावला तर पहिल्या अर्ध्या फेरीतच मांड्या भरून येतील आणि पहिली फेरी नेणारा आतला खेळाडू बाकीच्यांच्या मागे राहील. चौघांना एकच गिअर लावा. वेगळे असले की एकाची लय दुसऱ्याला डोळ्यांनी वाचता येत नाही.

सामानात खोट निघते ती दोन-तीन ठिकाणीच. मागच्या चाकाच्या नटांना १५ मिमीचा पाना. एक नट ढिला राहिला की स्टार्टच्या झटक्याला चाक वाकडं होऊन डाव्या चेनस्टेला (चाकाशेजारची फ्रेमची नळी) घासतं. चेन मधोमध बोटाने दाबली तर सेंटिमीटरभर खेळली पाहिजे. त्याहून ताणली तर बेअरिंग जड फिरतात, सैल ठेवली तर उतरते, आणि फिक्स्डवर चेन उतरणं म्हणजे चाक जाम. फिक्स्ड दातेचाकाची लॉकरिंग (ते धरून ठेवणारी कडी) उलट्या आट्याची असते. ती सुलट समजून ‘घट्ट’ करणारे दर स्पर्धेत एकदोन सापडतात. मग वेग कमी करायला पेडलवर मागे दाब दिला की दातेचाकच सुटून येतं.

कॉम्प्युटर खेळाडूला दिसेल असा लावता येत नाही. वेळ सांगायला प्रशिक्षक परस्यूट रेषेवर (टीमची सुरुवात आणि शेवट जिथे होतो ती) उभा राहतो. ठरल्या वेळेत असाल तर रेषेवर, मागे असाल तर एक पाऊल मागे, पुढे असाल तर पुढे, आणि एक पाऊल म्हणजे दहावा हिस्सा सेकंद. हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर तिथे कोणी हात हलवतंय आणि चौघं चार अर्थ काढतायत.

पॅरिसच्या अंतिम फेरीत ब्रिटनचा इथन हेटर शेवटी शेवटी सॅडलच्या टोकावरून घसरला आणि उरलीसुरली आशाही संपली. टोकावर बसायची सवय असेल तर सॅडलचा कोन पुण्यात नाही, आत्ताच बसवा.

काळी_रेघ

तिसरा प्रश्न राहिला होता. सारखं पुढे राहायचं नाही. जोरकस माणसाने जास्त वेगाने नाही, जास्त वेळ पुढे राहायचं. कच्च्याने अर्धी फेरी नेली तरी चालेल, वेग तोच हवा.

३३३ मीटरच्या १२ फेऱ्यांसाठी एक मांडणी. एक म्हणजे स्टार्ट घेणारा; आतला खेळाडू गेटमध्ये (सुरुवातीला सायकल धरून ठेवणारं यंत्र) असतो आणि पहिली फेरी त्यानेच न्यायची. आधी खेळाडू, मग त्याने पुढे राहायच्या फेऱ्या: एक – दीड, दोन – दीड, तीन – एक, चार – एक, परत एक – एक, दोन – दीड, तीन – एक, चार – दीड आणि इथे चार सगळं संपवून वरच थांबतो, मग एक – एक, दोन – एक. आकडे ढोबळ आहेत. बदल रेषेवर नाही, पुढच्या वळणाच्या तोंडाशी होतो.

वर थांबणाऱ्याने वरच राहायचं, दम आला म्हणून परत खाली उतरायचं नाही. आणि मान वर! टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ ला डेन्मार्कचा फ्रेडरिक मॅडसन डोकं खाली घालून चालला होता. ब्रिटनच्या टीममधून सुटलेला चार्ली टॅनफिल्ड समोर आला आणि तो त्याच्यावर जाऊन आदळला. निकाल डेन्मार्कच्या बाजूने गेला ही गोष्ट वेगळी, पण डोकं खाली घालणाऱ्याला समोर फक्त स्वतःचे हात दिसतात.

लाकडी_ट्रॅक

काळी रेघ, मांडणीत शेवटचा बदल चुकलाय. एक नंबर अकराव्या फेरीला बाजूला होतो, म्हणजे शेवटच्या फेरीत तो शेपटाला. टीममध्ये तेव्हा तिघंच उरलेत, म्हणजे घड्याळ नेमकं त्याच्यावर! नुकताच पुढून आलेला माणूस आणि त्याच्याच चाकावर वेळ. फिक्सीवाल्याने वर जे दुखणं सांगितलं तेच आपण शेवटच्या ३०० मीटरमध्ये ठरवून ओढवून घेतोय.

असं करा: एकने सुरुवातीला एकच फेरी न्यायची, दोनने त्यानंतर दोन. बाकी तसंच. चार दहाव्या फेरीला वर गेला की शेवटच्या दोन्ही फेऱ्या एकनेच न्यायच्या, बदल नाही. बेरीज बाराच राहते.

शेवटच्या ५०-६० मीटरमध्ये रांग मोडून पंखा करायचा: दुसरा आणि तिसरा उजवीकडून पुढच्याच्या शेजारी येतात. रांगेत राहिले तर तिसऱ्याचं चाक पहिल्याच्या पावणेचार मीटर मागे, म्हणजे पाव सेकंद. रस्त्यावरही याचा सराव होतो, त्याला ट्रॅक लागत नाही.

काळी_रेघ

मान्य. तुमचीच मांडणी घ्या.

चाकावरची

इथेच विचारते. बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये टीम परस्यूटला तिघंच असतात आणि एकमेकांना ढकललेलं दिसतं. ते चालतं कसं? आपल्याकडच्या इनलाइन स्केटिंगच्या मुलांकडून तसा सराव करून घेतला तर फायदा आहे का?

बर्फाचा_गोळा

ताई, तिथे तिघं आणि घड्याळ शेवटच्याच्या ब्लेडवर. म्हणजे सायकलसारखा एक माणूस जाळून टाकायची सोय नाही, तिघांनाही पोचावं लागतं. पुरुष ४०० मीटरच्या ८ फेऱ्या मारतात, बायका ६. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जपानच्या मुली शेवटच्या वळणापर्यंत पुढे होत्या. नाना ताकागी तिथे पडली आणि सोनं कॅनडाला गेलं. तिघींतली एक पडली की उरलेल्या दोघींच्या वेगाचा काही उपयोग नाही.

ढकलण्याचं उत्तर वर अनामतीत आलेलंच आहे. बर्फाचा ट्रॅक सपाट असतो. पुढचा बाजूला झाला की त्याचा वेग चढाने जाऊन उताराने परत मिळत नाही, पायांनीच घालवायचा आणि पायांनीच आणायचा, तुमच्या मिहानसारखं. मग बदलच का करायचा? अमेरिकेच्या टीमने हेच केलं. एकच जण शेवटपर्यंत पुढे, मागचे दोघं हाताने ढकलत. डिसेंबर २०२१ मध्ये सॉल्ट लेक सिटीला त्यांनी ३:३४.४७ चा विश्वविक्रम केला तो असाच, आणि मग बाकीच्यांनीही ही पद्धत उचलली. सायकलच्या ट्रॅकवर मात्र टीममधल्याला ढकललं तर टीम बाद. फिक्सीवाल्यांनी व्हिडिओ पाहून प्रयोग करू नयेत!

मुलांना जरूर शिकवा, पण शर्यत म्हणून नाही, लय शिकायला म्हणून. तिघांची रांग, तिघांचा उजवा पाय एकदम, डावा एकदम. पाय उलटे पडले तर मागच्याचं चाक पुढच्याच्या टाचेत जातं, पडणं ठरलेलं. हात उघडा, तळवा पुढच्याच्या कमरेवर, माकडहाडाच्या जरा वर, कोपर वाकलेलं. खांद्याला लावायचा नाही: खांदा ढकलला की पुढचा उभा होतो आणि वारा खातो. धक्का द्यायचा नाही, दाब ठेवायचा, तोही सरळ भागात. वळणावर हात नुसता टेकवलेला. आधी तीन फेऱ्या सावकाश, दाब न देता. लय जमली की मग दाब. हेल्मेट, मनगटाचं आणि गुडघ्याचं पॅड असल्याशिवाय नाही.

फिक्सीवाला

सगळ्यांचे आभार. ‘हां’ वाला नियम उद्यापासून. एकच शेवटचं: डिसेंबरमधल्या वेळा आणि आताच्या मेमधल्या वेळा यांत बराच फरक दिसून राहिला. सुधारणा धरायची का?

गिअरटेबल

सगळी नाही. १५ अंशांच्या पहाटेपेक्षा ३० अंशांच्या पहाटेची हवा ५ टक्के विरळ असते. तेवढ्याच वॅटला ४ किमीत चार-पाच सेकंद फुकट मिळतात. तापमान प्रत्येक वेळेच्या शेजारी लिहून ठेवा. वाऱ्याचं त्याहून वाईट, म्हणून एकाच दिशेची वेळ कधीच धरू नका; २ किमी जाऊन वळण न घेता थांबा, दहा मिनिटांनी उलट दिशेने २ किमी, आणि दोन्हींची बेरीज लिहा. तीही दोन्ही वेळा पळत्या सुरुवातीने. त्या बेरजेत स्टार्टचे पाच-सहा सेकंद मिळवले की ट्रॅकवरच्या वेळेचा अंदाज येतो. आजचा आकडा असा काढून इथे टाका, मग ५२ की ५४ ते ठरवू.